चपलेनं पाय वाढत नाही, चष्म्यानं नंबर वाढत नाही

प्रश्न: माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून डोळे तपासून घेतले, तर दोन्ही डोळ्यांना मायनस 1.75 आणि उजव्याला थोडा सिलिंडर नंबर निघाला. घरात दोन तट पडलेत. सासूबाई म्हणतात, एवढ्यात चष्मा नको, एकदा लागला की नंबर वाढतच जातो. त्या सत्तरीच्या आहेत, रोज डोळ्यांचे व्यायाम करतात आणि गेल्या सहा महिन्यांपासून चाळीशीशिवाय वाचायला लागल्या आहेत. मी मधला मार्ग म्हणून मुलीला मायनस 1 चा चष्मा करून दिला. माझा स्वतःचा नंबर शाळेपासून मायनस 2.50 आहे. आता मी 43 वर्षांची आहे, आणि हल्ली चष्मा काढला की वाचता येतं, लावला की येत नाही. माझा नंबर उतरतोय का? मुलीला अठरा पूर्ण झाली की लेझर करून टाकावं का? धाकटा मुलगा पाच वर्षांचा आहे, पण त्याची काहीच तक्रार नाही.
– एक गोंधळलेली आई

उत्तर:

ताई, आधी तो मायनस 1 चा चष्मा बाजूला ठेवा आणि कागदावर लिहिलेला पूर्ण नंबर, सिलिंडरसकट, करून घ्या. जमलं तर याच आठवड्यात. तुम्ही काळजीपोटीच केलंत हे मला कळतं. माझ्याकडे तपासणीला येणाऱ्या कितीतरी आया हाच मधला मार्ग काढून आलेल्या असतात. पण त्या मार्गानं मुलीला नेमकं काय मिळालंय, ते घरीच मोजून बघा.

एक मोजपट्टी घ्या. मुलीचा चष्मा काढा. उजवा डोळा तळव्यानं झाकायला सांगा (दाबायचा नाही), कारण सिलिंडर त्या डोळ्यात आहे आणि तो हिशेब थोडा वेगळा आहे. आता बारीक छपाईचं पुस्तक तिच्या डाव्या डोळ्यासमोरून सावकाश लांब न्या. अर्ध्या मीटरच्या थोडं पुढे गेलात की ती म्हणेल, 'आता पुसट झालं.' तिथपर्यंतचं अंतर मोजा. साधारण 57 सेंटीमीटर भरेल. 1 ला 1.75 नं भागलं की 0.57 येतात, एवढाच त्यामागचा हिशेब. चष्म्याचा नंबर म्हणजे डायॉप्टर, आणि डायॉप्टर म्हणजे मीटरमधल्या अंतराचा व्यस्तांक. मायनस नंबर असलेल्या माणसाचं स्वच्छ दिसणारं जग किती अंतरावर संपतं, तेच तो आकडा सांगतो.

तुमच्या मुलीचं ते 57 सेंटीमीटरवर संपत होतं. पावणेदोनातला एक तुम्ही दिलात, पाऊण उरला. पाऊण नंबरचं जग 1.33 मीटरवर संपतं. फळा तिथून कितीतरी पुढे असतो. म्हणजे नाकावर चष्मा आहे, कानामागे काडी रुततेय, वर्गातली मुलं विचारतायत, आणि इतकं सोसून फळा पुसटच. अशा चष्म्यावर कुठल्या मुलीचं मन बसेल?

आता नंबर वाढण्याबद्दल. डोळ्यात शिरणारा प्रकाश दोन ठिकाणी वळतो. बाहेरच्या काचेसारख्या पारपटलावर सर्वांत जास्त, सुमारे 43 डायॉप्टर इतका, आणि उरलेला आतल्या भिंगावर. हे किरण मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, नेमके एकत्र यायला हवेत. मोठ्या माणसाच्या डोळ्याची लांबी साधारण 24 मिलीमीटर असते. ती एका मिलीमीटरनं जास्त झाली तर अडीच ते तीन मायनस नंबर लागतो. तुमच्या मुलीच्या डोळ्याची लांबी हवी त्यापेक्षा फार तर अर्धा-पाऊण मिलीमीटर जास्त असेल, जवळजवळ बोटाच्या नखाच्या जाडीइतकी. तेवढ्यानं किरण पडद्याच्या अलीकडेच एकत्र येतात आणि पडद्यावर पोचेपर्यंत पुन्हा फाकतात. याला निकटदृष्टिता म्हणतात. मायनस काच, म्हणजे मधे पातळ आणि कडेला जाड काच, किरणांना डोळ्यात शिरण्याआधीच थोडं फाकवते आणि एकत्र येण्याची जागा मागे पडद्यावर नेते. काच डोळ्याला हातही लावत नाही. ती काढली की डोळा होता तसाच असतो.

मग चष्मा लागल्यावर मुलांचा नंबर वाढताना दिसतो, तो का? कारण चष्मा लागतो तेच मुळी उंची वाढायच्या वयात. नवजात बाळाचा डोळा जेमतेम 17 मिलीमीटरचा असतो आणि तिथून तो वाढत वाढत 24 वर येतो. काही मुलांत ही वाढ वेळेवर थांबत नाही, शाळा संपेपर्यंत, कधी विशीपर्यंत चालूच राहते. डोळा लांबतो, नंबर वाढतो. आपण मुलांच्या पायाचाही 'नंबर' दरवर्षी बदलतो, पण चप्पल घातली म्हणून पाय वाढला असं कोणी म्हणत नाही. लहान चप्पल घातल्यानं पाय वाढायचा थांबेल, असंही कोणाला वाटत नाही. चष्म्याच्या बाबतीत मात्र घरोघरी नेमकं हेच वाटतं. त्यात आणखी एक गोष्ट होते. महिनाभर स्वच्छ बघायची सवय झालेलं मूल चष्मा काढल्यावर म्हणतं, 'आता तर आधीपेक्षाही कमी दिसतं.' दिसणं तेवढंच असतं, पण आता त्याला फरक कळायला लागलेला असतो.

मुद्दाम कमी नंबर देऊन वाढ मंदावते का, हेही मुलांवर तपासून झालं आहे. मंदावत नाही. काही अभ्यासांत तर कमी नंबर दिलेल्या मुलांचा नंबर उलट जास्त वाढला. म्हणून पूर्ण नंबर द्या आणि शाळेत, बाहेर, टीव्ही बघताना चष्मा राहू द्या. पुस्तक वाचताना तिनं तो काढला तर रागावू नका. 57 सेंटीमीटरच्या आतलं तिला तसंही दिसतं. फक्त काढलेला चष्मा पुन्हा लावायचं मुलं विसरतात, म्हणून मी शक्यतो डोळ्यावरच राहू दे म्हणते.

एक मुलगी मला कायम आठवते, तुमच्या लेकीच्याच वयाची. तपासणीच्या जड फ्रेममध्ये मी तिचा पूर्ण नंबर बसवला, आणि तक्त्याकडे बघायचं सोडून ती वरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. मग म्हणाली, 'त्याला सेकंदकाटा आहे?' त्याआधी माझ्याकडे ती दोनदा आली होती, आईबरोबर, आईच्या तपासणीला. प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास त्या घड्याळासमोर बसून होती. मुलं तक्रार करत नाहीत ती यामुळेच. आपल्याला दिसतं तसंच सगळ्यांना दिसत असणार, असं ती धरून चालतात.

वाढीवर खरा परिणाम करणारी गोष्ट म्हणजे उघड्यावरचा वेळ. दिवसाचा उजेड घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो. खोलीत काहीशे लक्स (उजेड मोजायचं एकक) असतात, बाहेर ढगाळ दिवशीही त्याच्या अनेक पट. रोज सुमारे दोन तास बाहेर घालवणाऱ्या मुलांमध्ये मायनस नंबर लागण्याचं प्रमाण कमी असतं, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. लागलेला नंबर यानं उतरत नाही आणि लागल्यानंतर याचा उपयोग थोडा कमी होतो, पण धाकट्याच्या बाबतीत तर ही संधी अजून तुमच्या हातात आहे. पुस्तक, मोबाइल डोळ्यापासून हातभर लांब, निदान 30 सेंटीमीटरच्या पुढे, आणि दर अर्ध्या तासानं मान वर करून खिडकीबाहेर बघणं, एवढं पाळा.

मुलीची तपासणी दर सहा महिन्यांनी करा. वर्षाला अर्धा किंवा त्याहून जास्त नंबर वाढत असेल तर नेत्रतज्ज्ञांना स्पष्ट विचारा, 'वाढ मंद करायला काही करता येईल का?' येतं. अगदी सौम्य, 0.01 ते 0.05 टक्के तीव्रतेचे अ‍ॅट्रोपिनचे थेंब रात्री झोपताना घालतात. मुलांसाठी खास बनवलेल्या चष्म्याच्या काचा आणि कॉन्टॅक्ट लेन्सही आहेत. यातलं काहीही नंबर घालवत नाही, वाढीचा वेग कमी करतं. तेही मोलाचं आहे, कारण नंबर मायनस 6 च्या पुढे गेला की ताणलेल्या डोळ्याचा पडदा पातळ होतो आणि पुढच्या आयुष्यात तो सुटण्याचा धोका वाढतो. हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली, स्वतःच्या मनानं नाही.

उजव्या डोळ्याच्या सिलिंडरनं घाबरू नका. पारपटल चेंडूसारखं सगळीकडे सारखं गोल असायला हवं, तिचं एका दिशेनं जरा जास्त वाकलेलं आहे. त्यामुळे उभ्या आणि आडव्या रेषा एकाच वेळी स्वच्छ दिसत नाहीत, अक्षरांना सावली पडल्यासारखी वाटते. कागदावर अ‍ॅक्सिस म्हणून 1 ते 180 मधला जो आकडा आहे तो त्या वाकाची दिशा सांगतो. साध्या गोल काचेनं हा दोष जात नाही. जॉर्ज एअरी या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाच्या डाव्या डोळ्यात हाच दोष होता. त्यानं 1825 च्या सुमारास स्वतःसाठी हिशेब करून तशी काच घडवून घेतली, तेव्हापासून हा दोष दुरुस्त करता येऊ लागला. नवा चष्मा लावल्यावर पहिले काही दिवस मुलगी म्हणेल, जमीन तिरकी वाटते, पायरी उंच वाटते. आठवडाभर, फार तर दोन आठवडे, रोज लावू द्या. त्यानंतरही तसंच वाटलं तर काच पुन्हा तपासून घ्या, अ‍ॅक्सिस फिरलेला असू शकतो. आणि फ्रेम नाकावरून घसरणारी नको. काच डोळ्यापासून दूर गेली की सिलिंडरचा आणि मायनसचा हिशेब दोन्ही बिघडतात.

आता तुमचं. तुमचा नंबर उतरलेला नाही ताई, तुम्हाला चाळीशी लागली आहे. पुन्हा तोच भागाकार करा: 1 भागिले 2.50 म्हणजे 40 सेंटीमीटर. चष्मा न लावता तुमचा डोळा नेमका 40 सेंटीमीटरवर जुळलेला आहे, आणि पुस्तक धरायचं अंतरही साधारण तेवढंच. म्हणून चष्मा काढला की काही कष्ट न पडता वाचता येतं. चष्मा लावला की डोळा लांबच्यासाठी जुळतो, आणि जवळचं बघायला आतल्या भिंगाला फुगावं लागतं. तरुणपणी ते मऊ असतं, क्षणात फुगतं. वयाबरोबर ते कडक होत जातं आणि चाळिशीच्या आसपास त्याची ताकद वाचनाला पुरेनाशी होते. हे सगळ्यांचंच होतं. ज्यांना कधीच चष्मा नव्हता ते मोबाइल लांब धरायला लागतात, तुमच्यासारखे चष्मा कपाळावर चढवतात.

तुमच्या वयाला जवळच्यासाठी साधारण एक प्लस लागतो. म्हणजे लांबचा मायनस 2.50, जवळचा मायनस 1.50. प्रोग्रेसिव्ह काचेत हे दोन्ही आणि मधली अंतरं एकातच मिळतात. पायऱ्या उतरताना सुरुवातीला मान खाली घालून बघायची सवय करावी लागते, कडेचं थोडं वाकडं दिसतं, पण बहुतेकांना जमतं. दिवसभर कॉम्प्युटरवर काम असेल तर त्या अंतराचा वेगळा चष्मा जास्त सुखाचा, असं माझं मत. नाहीतर सरळ चष्मा काढून वाचा, त्यात काहीही गैर नाही. साठीपर्यंत जवळचा प्लस वाढत अडीचवर येतो आणि मग स्थिरावतो. तुमच्या बाबतीत मायनस अडीचात प्लस अडीच, म्हणजे शून्य. तेव्हा तुमच्या चष्म्याचा खालचा भाग चक्क बिननंबरी काच असेल.

सासूबाईंचं मला जरा गंभीरपणे घ्यावंसं वाटतं. सत्तरीत अचानक चाळीशी सुटली तर घरात आनंद होतो, पण व्यायामानं कडक झालेलं भिंग पुन्हा मऊ होत नाही. या वयात भिंगाचा मधला गाभा दाट व्हायला लागतो, म्हणजे मोतीबिंदूची सुरुवात. दाट गाभा प्रकाश जास्त वळवतो, डोळा मायनसकडे सरकतो, आणि जवळचं चष्म्याशिवाय दिसायला लागतं. त्याच वेळी लांबचं हळूच पुसट होत असतं. त्यांना विचारा, रस्त्यापलीकडचा माणूस ओळखू येतो का, रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा डोळ्यावर फाकतो का. रक्तातली साखर वरखाली झाली तरी नंबर असाच सरकतो, तेव्हा तीही तपासा. त्यांचे व्यायाम चुकीचे आहेत असं सांगून त्यांना दुखवू नका. त्यानं डोळ्यांना विसावा मिळत असेल तर करू द्या. फक्त, 'आई, नंबर बदललाय तर एकदा दाखवून येऊ,' म्हणून घेऊन जा.

लेझरचं आत्ता डोक्यातून काढून टाका. अठरा हा काही मुहूर्त नाही. निदान वर्षभर नंबर स्थिर हवा, आणि पारपटलाचा आकार व जाडी योग्य हवी. ते जेमतेम अर्ध्या मिलीमीटरचं असतं आणि लेझर त्यातलाच काही भाग कोरून त्याची वळणशक्ती कमी करतो. ते पातळ किंवा शंकूसारखं पुढे येणारं असेल तर हे ऑपरेशन करूच नये. म्हणूनच मुलीला डोळे चोळायची सवय असेल तर ती आत्ताच मोडा, चोळण्याचा त्या शंकूच्या आजाराशी संबंध आहे. आणखी एक, लेझरनं डोळ्याची लांबी कमी होत नाही. चष्मा गेला तरी मोठ्या नंबरवाल्याचा पडदा तेवढाच ताणलेला राहतो, त्याची तपासणी चुकत नाही. तुम्ही स्वतःसाठी विचार करत असाल तर हे लक्षात घ्या की लांबचा नंबर पूर्ण घालवला, तर आज चष्मा काढून वाचता येतं ते सुख त्याच दिवशी संपेल आणि हातात चाळीशी येईल.

एक खूण मात्र मायनस नंबरवाल्या प्रत्येकानं, म्हणजे तुम्हीही, पाठ ठेवायची: डोळ्यासमोर अचानक वीज चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके एकदम खूप वाढले, किंवा एका बाजूनं पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. दुखत नाही म्हणून थांबू नका.

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मात्र मी दोनदा वाचलं. धाकट्याची काहीच तक्रार नाही. ताई, पाच वर्षांच्या मुलाचा एक डोळा अगदी पुसट असला तरी तो तक्रार करत नाही, कारण दुसरा डोळा सगळं काम सांभाळतो. प्लस नंबर, म्हणजे डोळा जरा आखूड पडल्यानं लागणारा, तर आणखी दडून बसतो. लहान डोळ्याचं भिंग इतकं मऊ असतं की ते सतत फुगून तीन-चार प्लससुद्धा भरून काढतं. दिसतं सगळं, पण डोकं दुखतं, वाचनाचा कंटाळा येतो, कधी डोळा आत वळतो. दोन्ही डोळ्यांच्या नंबरात फरक असेल तर मेंदू पुसट डोळ्याचं चित्र वापरणंच सोडून देतो. तो डोळा आळशी होतो. सात-आठ वर्षांपर्यंत चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, यानं तो बहुधा परत कामाला लागतो. पुढे ते अवघड होत जातं. चौदाव्या-पंधराव्या वर्षी पहिल्यांदा तपासणीला आलेली, एका डोळ्यानं तक्त्यावरचं सर्वांत मोठं अक्षरच तेवढं वाचणारी मुलं मी पाहिली आहेत. काच कुठलीही लावा, त्यांना तिथून पुढची ओळ दिसत नाही. त्यांच्या आईवडिलांना काय सांगायचं ते मला अजूनही सुचत नाही.

तेव्हा त्याला याच महिन्यात न्या. नुसता कॉम्प्युटरवर नंबर काढून परत येऊ नका. लहान मुलांत तो आकडा फसवा असतो, मशीनमध्ये बघताना त्यांचं भिंग फुगतं. भिंगाला विश्रांती देणारे थेंब घालून तपासा म्हणावं, आणि दोन्ही डोळे वेगवेगळे. थेंबांनंतर बाहुली मोठी राहते, उजेड खुपतो आणि जवळचं पुसट दिसतं, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत, कधी औषधानुसार आणखी काही दिवस. म्हणून शाळेच्या परीक्षेच्या तोंडावर नको, आणि येताना उन्हाची टोपी बरोबर ठेवा. काय निघालं ते मला कळवा, मी वाट बघते.